न्यूयॉर्कमधली जुनी केस सील होईल का? कसं तपासायचं आणि कुठून सुरुवात करायची

बऱ्याच वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये एखादी केस झालेली असते, दुकानातून वस्तू उचलल्याची नाहीतर दारू पिऊन गाडी चालवल्याची, वकिलाने सांगितलं गिल्टी म्हण, दंड भर आणि मोकळा हो, तसं केलं, आणि मग दर वेळी नवीन ऑफर लेटरवर "बॅकग्राउंड चेकच्या अधीन" हे वाक्य दिसलं की पोटात गोळा येतो. याबद्दल मंडळात बोलायची सोय नसते, कित्येकांनी तर घरीसुद्धा सांगितलेलं नसतं. मग माणूस रात्री एकटा बसून गूगल करतो आणि तिथे दहा राज्यांचे कायदे एकात एक मिसळून समोर येतात.

म्हणून इथे फक्त न्यूयॉर्क राज्यातल्या सीलिंगचं लिहितोय, म्हणजे जुन्या केसचं रेकॉर्ड बाहेरच्या बहुतेकांसाठी बंद करण्याचं. तुम्ही आज कुठे राहता याने फरक पडत नाही, केस कुठे झाली ते बघायचं. न्यू जर्सीत एडिसनला राहत असाल पण केस क्वीन्सच्या कोर्टात झाली असेल तर न्यूयॉर्कचा कायदा लागतो, आणि केस न्यू जर्सीत झाली असेल तर तिथला एक्सपंजमेंटचा, म्हणजे रेकॉर्ड पुसण्याचा, कायदा पूर्ण वेगळा आहे, त्याला इथली गणितं लावू नका. फेडरल कोर्टातली केस असेल तर न्यूयॉर्कचा कुठलाच सीलिंगचा कायदा तिला हात लावू शकत नाही.

व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असाल तर हे आधी वाचा

सील झालं म्हणजे इमिग्रेशनसाठी केस गायब झाली, हा समज मी इतक्या लोकांकडून ऐकलाय की हे सगळ्यात वर लिहितोय. तसं होत नाही. इमिग्रेशनच्या कायद्यात कन्व्हिक्शनची, म्हणजे दोषी ठरण्याची, व्याख्या स्वतंत्र आहे, १९९६ पासूनची, आणि ती साधारण अशी की तुम्ही गिल्टी प्ली दिली म्हणजे कोर्टात गिल्टी म्हटलं किंवा गुन्हा कबूल केला आणि जजने कसली ना कसली शिक्षा किंवा बंधन घातलं, की झालं कन्व्हिक्शन. नंतर राज्याने ते रेकॉर्ड सील केलं तरी यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या नजरेत ते तसंच राहतं. सिटिझनशिपचा एन-४०० असो, ग्रीन कार्डचा आय-४८५ असो, अटकेबद्दलच्या प्रश्नांना खरं उत्तर द्यावं लागतं, सील झालेली केस धरून. व्हिसा स्टॅम्पिंगच्या डीएस-१६० मध्येही "कधी अटक झाली होती का" हाच प्रश्न आहे. तिथे "नाही" लिहिलं आणि फिंगरप्रिंटवरून केस निघाली तर मूळ केसपेक्षा ते खोटं उत्तर जास्त महागात पडतं.

यातूनच पुढचं अगदी कामाचं पाऊल निघतं. सीलिंगच्या मागे लागायच्या आधी केसच्या सर्टिफाइड कॉपीज काढून घरात ठेवा. सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशन म्हणजे केसचा निकाल सांगणारा कोर्टाचा दाखला, चार्जशीट म्हणजे तिथे ज्याला कम्प्लेंट म्हणतात ती, आणि शिक्षा पूर्ण झाल्याचा कागद. सील झाल्यावरही तुमच्या स्वतःच्या केसचे कागद तुम्हाला मागता येतात पण खेटे वाढतात, आणि जुन्या गांजाच्या केसेसमध्ये तर, ज्या २०२१ च्या कायद्याने आपोआप एक्सपंज झाल्या, रेकॉर्ड नष्टच करून टाका असा अर्जही करता येतो. सिटिझन नसाल तर तो अर्ज इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय अजिबात करू नका. कागद नष्ट झाला की केस छोटी होती हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर असते.

तुमची खरी अडचण इमिग्रेशनचीच असेल तर सीलिंग हा त्यावरचा उपाय नाहीये. त्यासाठी सीपीएल म्हणजे न्यूयॉर्कच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातल्या कलम ४४०.१० चा वेगळा मोशन म्हणजे अर्ज असतो, ज्यात कन्व्हिक्शनच रद्द करून मागतात, कारण मूळ केसमध्येच कायद्याची काहीतरी चूक झाली होती. २०१० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पडिला केसमध्ये सांगितलं की प्ली देण्याआधी तिचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं क्रिमिनल वकिलाचं काम आहे. तुमची केस ३१ मार्च २०१० च्या नंतर संपली असेल आणि वकिलाने हे सांगितलंच नसेल किंवा चुकीचं सांगितलं असेल, तर त्या बाजूने विचारणा करा. आणि दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल गेल्या पाच वर्षांत अटक झाली असेल तर स्टेट डिपार्टमेंट फक्त अटकेवरूनही व्हिसा रद्द करू शकतं, कन्व्हिक्शनची वाट बघत नाही, त्यामुळे लग्नासाठी भारतात जायचं तिकीट काढण्याआधी वकिलाशी बोलून घ्या.

पहिलं काम, रेकॉर्डवर नक्की काय आहे ते बघणं

आठवणीवर जाऊ नका. "मला वाटतं तो डिसऑर्डरली कंडक्ट (सार्वजनिक ठिकाणी गोंधळ) होता" असं सांगणाऱ्यांच्या कागदावर पेटिट लार्सनी म्हणजे छोटी चोरी निघते, आणि उलटही होतं. न्यूयॉर्कमध्ये डीसीजेएस नावाचं खातं आहे, त्यांच्याकडून फिंगरप्रिंट देऊन स्वतःची रॅप शीट म्हणजे अटका आणि केसेसची यादी मागवता येते, आणि फी परवडत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. मागवताना अनसप्रेस्ड कॉपी मागा, म्हणजे आधीच सील झालेल्या केसेसही त्यात दिसतात, नाहीतर काय सील झालंय आणि काय नाही हे कळतच नाही. सोबत एफबीआयची आयडेंटिटी हिस्टरीही मागवून ठेवा, १८ डॉलर लागतात. राज्याकडे केस सील झालेली असते आणि एफबीआयच्या कागदावर तीच केस उघडी, निकालाच्या रकान्यात काहीच नाही, असं होऊ शकतं.

मग ज्या कोर्टात केस झाली तिथल्या क्लार्ककडून प्रत्येक केसचं सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशन घ्या. सीलिंगसाठी हवंय असं सांगा, त्याचा वेगळा रिक्वेस्ट फॉर्म असतो. त्यावर तीन गोष्टी शोधा: कोणत्या कलमाखाली प्ली झाली, तो गुन्हा कोणत्या वर्गातला, आणि शिक्षा कोणत्या तारखेला सुनावली. पुढचं सगळं गणित या तिन्हींवर उभं आहे.

दुसरं, हे कन्व्हिक्शन आहे का मुळात?

बऱ्याच जणांचा जीव इथेच भांड्यात पडतो. केस डिसमिस झाली असेल तर ती सीपीएल १६०.५० खाली आपोआप सील व्हायला हवी. पहिल्यांदाच पकडलेल्या स्टुडंटना बऱ्याचदा एसीडी मिळते, म्हणजे गिल्टी न म्हणता केस साधारण सहा महिने बाजूला ठेवतात, तोवर नवीन भानगड झाली नाही तर ती डिसमिस होऊन सील होते. त्यात कबुली नसते म्हणून इमिग्रेशनसाठीही ते कन्व्हिक्शन धरत नाहीत, अटक झाली होती हे मात्र फॉर्मवर सांगावंच लागतं.

डिसऑर्डरली कंडक्ट हे न्यूयॉर्कमध्ये व्हायोलेशन म्हणजे किरकोळ नियमभंग आहे, क्राइम नाही. त्याचं सीलिंग १६०.५५ खाली होतं, पोलिसांकडचं आणि डीए म्हणजे सरकारी वकिलाकडचं रेकॉर्ड बंद होतं, कोर्टाची फाइल मात्र त्या कलमाने पूर्ण बंद होत नाही. डीडब्ल्यूएआय, म्हणजे दारूचा परिणाम होता पण पूर्ण डीडब्ल्यूआय म्हणजे नशेत गाडी चालवणं नव्हतं, ते पहिल्या वेळी ट्रॅफिक इन्फ्रॅक्शन असतं, क्राइम नाही. साधा डीडब्ल्यूआय मात्र मिसडिमीनर म्हणजे छोटा गुन्हा, आणि दहा वर्षांच्या आत दुसरा झाला तर फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा.

दुकानातल्या चोरीत १००० डॉलरपर्यंतचा माल असेल तर पेटिट लार्सनी, ए वर्गाचं मिसडिमीनर, आणि त्याच्यावर गेलं की ग्रँड लार्सनी म्हणजे फेलनी. इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. आपल्याकडे दुकानदाराशी समझोता झाला, फिर्याद मागे घेतली की विषय मिटला असं डोक्यात असतं, आणि दुकानाच्या वकिलाकडून पैसे भरण्याचं पत्र आलेलं असतं, ते भरले म्हणजे केस संपली असं वाटतं. ते पैसे सिव्हिल बाजूचे, फौजदारी केस राज्य चालवतं आणि डीए ठरवतो.

ज्यांच्या मुलाची केस आहे त्यांनी अजून एक बघा. गुन्ह्याच्या वेळी मुलगा १९ च्या आत होता आणि कोर्टाने त्याला यूथफुल ऑफेंडर ठरवलं असेल तर ते कन्व्हिक्शनच नाही, ते रेकॉर्ड गोपनीय असतं, आणि इमिग्रेशनच्या अपील बोर्डाने २००० साली न्यूयॉर्कच्या या निकालाला कन्व्हिक्शन मानायचं नाही असं ठरवलेलं आहे. सर्टिफिकेटवर तसं लिहिलंय का ते वाचा.

तिसरं, क्लीन स्लेटमध्ये आपोआप बसता का

कन्व्हिक्शन आहे असं नक्की झालं की मग दोन रस्ते. पहिल्यात अर्जच करायचा नाही. क्लीन स्लेट कायद्यावर गव्हर्नर होकल यांनी १६ नोव्हेंबर २०२३ ला सही केली, तो १६ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला, आणि पात्र असलेली सगळी रेकॉर्ड्स सील करायला कोर्टाच्या यंत्रणेला १६ नोव्हेंबर २०२७ पर्यंतची मुदत आहे.

मिसडिमीनरला तीन वर्षं, फेलनीला आठ वर्षं. मोजायची कुठून, तर शिक्षा सुनावल्याच्या तारखेपासून, आणि तुरुंगवास झाला असेल तर सुटल्यापासून. अटकेच्या तारखेपासून नाही, आणि हे नीट लक्षात घ्या कारण केस वर्षभर लांबली असेल तर तुमचा हिशेब तेवढाच चुकतो. दरम्यान नवीन कन्व्हिक्शन झालं तर जुन्या केसचं घड्याळही नव्याच्या तारखेपासून परत सुरू होतं. सध्या कुठली केस चालू नको, आणि प्रोबेशन किंवा पॅरोलवर नको.

यातून बाहेर ठेवलेले गुन्हे कमी आहेत: लैंगिक गुन्हे, आणि ए वर्गाच्या फेलनी म्हणजे खुनासारखे, त्यातही ड्रग्जच्या ए फेलनी मात्र चालतात. किती कन्व्हिक्शन आहेत याला मर्यादा नाही, हे याचं मोठं वैशिष्ट्य, तीन-चार मिसडिमीनर असलेल्या माणसाला आधी काहीच रस्ता नव्हता.

मग दुसरा रस्ता कशाला, कारण २०२७ पर्यंत थांबणं सगळ्यांना परवडत नाही. समोर नोकरी आहे, घराचा लीज आहे, आणि तुमचं नाव यंत्रणेतून कधी पुढे सरकेल हे तुमच्या हातात नाही.

चौथं, अर्ज करून सील करणं म्हणजे १६०.५९

हे कलम ऑक्टोबर २०१७ पासून आहे आणि याच्या अटी कडक आहेत. आयुष्यात एकूण दोनपेक्षा जास्त क्राइमची कन्व्हिक्शन नकोत, आणि त्या दोनात फेलनी जास्तीत जास्त एक. व्हायोलेशन आणि ट्रॅफिकचे दंड यात मोजत नाहीत. एकाच प्रसंगातून दोन-तीन चार्जेसवर कन्व्हिक्शन झालं असेल तर ते एकच धरता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि ते स्वतःच स्वतःला अपात्र ठरवून गप्प बसतात.

शेवटच्या कन्व्हिक्शनच्या शिक्षेपासून दहा वर्षं व्हायला हवीत, तुरुंगात काढलेला काळ त्यात धरत नाहीत, प्रोबेशनचा काळ मात्र धरला जातो. चालू केस नको. लैंगिक गुन्हे, व्हायोलंट फेलनी, माणसाचा जीव गेलेल्या फेलनी, ए वर्गाच्या फेलनी यांना हे कलम नाही, आणि सेक्स ऑफेंडर म्हणून नोंदणी करावी लागणाऱ्यालाही नाही. म्हणजे सेकंड डिग्री बर्गलरी म्हणजे घरफोडीसारखी व्हायोलंट फेलनी असेल तर १६०.५९ बंद पण क्लीन स्लेट आठ वर्षांनी उघडा. हे दोन कायदे एकमेकांत मिसळू नका, फोनवर सल्ला देणारेही कधीकधी मिसळतात.

एक हिशेब करून बघू. समजा एकाला मे २०१२ मध्ये पेटिट लार्सनीसाठी शिक्षा झाली, दंड आणि कम्युनिटी सर्व्हिस, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये डीडब्ल्यूआयसाठी, दंड आणि तीन वर्षं प्रोबेशन. एकूण दोन, फेलनी एकही नाही, म्हणजे संख्येची अट पार. दहा वर्षं ऑगस्ट २०१५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२५ नंतर दोन्हींसाठी १६०.५९ खाली अर्ज करता येतो. २०१२ च्या केसला एकटीला दहा वर्षं २०२२ मध्येच झाली होती म्हणून तेव्हा तेवढीच सील करून घ्यावी असं वाटेल पण तसं चालत नाही, नंतर दुसरं कन्व्हिक्शन झालंय म्हणून. क्लीन स्लेटखाली हाच माणूस कधीच पात्र झालाय. आता याच माणसाचं २०१७ साली तिसरं मिसडिमीनर असतं तर १६०.५९ कायमचं बंद, कितीही वर्षं गेली तरी, आणि फक्त क्लीन स्लेट उरलं असतं.

अर्ज कसा करायचा

फॉर्म राज्याच्या कोर्टांच्या वेबसाइटवर आहेत. नोटिस ऑफ मोशन आणि सोबत प्रतिज्ञापत्र, ते नोटरीसमोर सही करायचं. दोन केसेस असतील तर जास्त गंभीर केस ज्या कोर्टात झाली तिथे अर्ज करायचा, दोन्ही एकाच वर्गाच्या असतील तर अलीकडची जिथे झाली तिथे. सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशन जोडायची, आणि अर्जाची प्रत डीएच्या ऑफिसला पोचवून तशी पोचवल्याचा कागद फाइलला लावायचा. दोन काउंटीतल्या केसेस असतील तर दोन्हीकडच्या डीएना प्रत द्यायची.

डीएला हरकत घ्यायला ४५ दिवस असतात. हरकत नाही घेतली तर जज सुनावणीशिवायही निर्णय देऊ शकतो, घेतली तर सुनावणी व्हावीच लागते. अटीत बसलात म्हणजे मंजूर झालंच असं नाही, शेवटी जजच्या मनावर आहे, आणि म्हणून प्रतिज्ञापत्रावर मेहनत घ्या असं मी कळकळीने सांगेन. जज बघतात की किती काळ गेला, गुन्हा किती गंभीर होता, त्यानंतर माणसाने काय केलं, सील केल्याने त्याच्या आयुष्यात काय फरक पडेल आणि लोकांच्या सुरक्षिततेवर काय परिणाम होईल. फॉर्मवरची रिकामी जागा दोन ओळीत भरून देऊ नका. त्या दिवशी काय झालं ते सरळ लिहा, दोष दुसऱ्यावर ढकलू नका, आणि मग पुरावे लावा: डिग्री, नोकरीची वर्षं, दारूची केस असेल तर उपचार किंवा कार्यक्रम पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट, मंदिरात किंवा मराठी शाळेत सेवा करत असाल तर तिथल्या कोणाचं पत्र. पत्र देणाऱ्याला केसबद्दल माहीत असलं पाहिजे, नाहीतर त्या पत्राला वजन राहत नाही, आणि हे सांगणं अवघड जातं हे मला कळतं, म्हणून ज्याच्यावर विश्वास आहे असा एकच माणूस निवडलात तरी चालेल. केसमुळे हातातून गेलेली ऑफर असेल तर ती ईमेल जोडा, नुसतं "खूप त्रास होतो" लिहिण्यापेक्षा ते बोलतं.

वकील करायलाच हवा असं नाही, पण फेलनी असेल किंवा डीए हरकत घेईल असं वाटत असेल तर घ्या. न्यूयॉर्क सिटीत लीगल एड सोसायटी आणि लीगल ॲक्शन सेंटर हे काम मोफत करतात, उत्पन्नाची अट विचारून घ्या. मूळ प्ली करताना "मी पुढे सीलिंग मागणार नाही" असं लिहून दिलं होतं म्हणून काहीजण थांबतात, तर १६०.५९ मध्ये स्पष्ट आहे की असा हक्क प्लीच्या सौद्यात सोडून देता येत नाही.

सील झाल्यावर

बहुतेक खाजगी नोकऱ्यांच्या फॉर्मवर मग तुम्ही "कन्व्हिक्शन नाही" लिहू शकता, न्यूयॉर्कच्या मानवी हक्क कायद्यात सील झालेल्या केसबद्दल विचारणंच बेकायदेशीर आहे. तरीही काही ठिकाणी ती केस दिसतच राहते: पोलीस आणि कोर्टं, बंदुकीचं लायसन्स, पोलिसातली भरती, आणि क्लीन स्लेटमध्ये लहान मुलं, म्हातारी किंवा अपंग माणसं यांच्याबरोबरची ज्या कामांना फिंगरप्रिंट लागतात ती कामं. फिंगरप्रिंट नष्ट होत नाहीत. आणि पुढे पुन्हा गुन्हा झाला तर १६०.५९ ने सील झालेली केस मागचं कन्व्हिक्शन म्हणून मोजली जाते, डीडब्ल्यूआयवाल्यांनी हे विसरू नये.

ऑर्डर हातात आली की काम संपत नाही. महिना-दोन महिने थांबून रॅप शीट पुन्हा मागवा आणि यावेळी सप्रेस्ड कॉपी मागा, त्यात ती केस दिसायला नको. कंपन्यांच्या एजन्सी बऱ्याचदा कोर्टाकडून ९५ डॉलरला मिळणारा राज्यभराचा सर्च विकत घेतात, त्यात सील झालेलं येत नाही, पण काही एजन्सी स्वतःचा जुना साठवलेला डेटा वापरतात आणि तिथून केस परत वर येते. तसं झालं तर घाबरून एचआरला लांबलचक खुलासा लिहायला बसू नका. रिपोर्टची कॉपी मागा, तो तुमचा फेडरल हक्क आहे, एजन्सीला लेखी डिस्प्यूट पाठवा, सीलिंगची ऑर्डर जोडा, त्यांना साधारण ३० दिवसांत तपासून दुरुस्त करावं लागतं. एचआरला एवढंच कळवा की रिपोर्टमध्ये चूक आहे आणि डिस्प्यूट टाकलाय, न्यूयॉर्क सिटीत असाल तर फेअर चान्स कायद्याखाली तुम्हाला उत्तर द्यायला वेळ द्यावा लागतो आणि तेवढे दिवस ती जागा त्यांना धरून ठेवावी लागते. त्या ऑर्डरच्या दोन-तीन सर्टिफाइड कॉपी आधीच काढून ठेवा, डिस्प्यूटला एक जाते, आणि एक इमिग्रेशनच्या फाइलमध्ये बाकीच्या कागदांबरोबर राहू द्या.